गेम बदलला तरी हात तोच: सगळ्या शूटर गेममध्ये माऊसची सेन्सिटिव्हिटी सारखी कशी ठेवायची

व्हॅलोरंटमध्ये हात बसलेला असतो, सेन्स (म्हणजे सेन्सिटिव्हिटी) ०.४. मित्र काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ओढून नेतात, तिथेही सेटिंगमध्ये ०.४ भरला जातो, आणि मग माऊस पॅडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला तरी मागून गोळ्या घालणाऱ्याकडे तोंड वळत नाही. उलटं केलं तर आणखी वाईट. काउंटर-स्ट्राइकचा १.२ व्हॅलोरंटमध्ये भरला की नुसता हात थरथरला तरी क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधोमधली नेमाची खूण, भिंतीवरून छतावर जातो.

म्हणून "भावा, तुझा सेन्स किती?" या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यात देता येत नाही. त्या आकड्यासोबत गेमचं नाव आणि माऊसचा डीपीआय नसेल तर त्याला काहीच अर्थ नाही. यूट्यूबवर एखाद्या प्रो खेळाडूची सेटिंग बघून फक्त सेन्स उचलणारे इथेच फसतात.

सगळ्या गेममध्ये बरोबर न्यायचा आकडा वेगळाच आहे. खेळाडूची एक पूर्ण गिरकी, म्हणजे ३६० अंश, घ्यायला माऊस पॅडवर किती सेंटिमीटर सरकवावा लागतो? हे अंतर एकदा कळलं की ते कागदावर लिहून ठेवायचं आणि प्रत्येक नव्या गेमला त्या अंतरावर आणायचं. हाताला सवय लागते ती सेंटिमीटरची. स्लायडरवर काय लिहिलंय याची त्याला खबरही नसते. या लेखात मी याला 'गिरकीचं अंतर' म्हणणार आहे. इंटरनेटवर ते 'सेमी पर ३६०' या नावाने सापडेल.

आधी हा आकडा बनतो कसा ते बघू

गणित कच्चं असलं तरी हा भाग सोडू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

माऊस हलवला की तो संगणकाला 'काउंट' पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की ८०० काउंट. गेम प्रत्येक काउंटमागे खेळाडूला ठरावीक अंशाने वळवतो. सेन्स १ असताना एका काउंटमागे किती अंश वळायचं, हे गेम बनवणाऱ्यांनी आतमध्ये पक्कं केलेलं असतं. गेमर मंडळी या आकड्याला 'यॉ' म्हणतात. काउंटर-स्ट्राइकमध्ये तो ०.०२२ अंश आहे, व्हॅलोरंटमध्ये ०.०७, ओव्हरवॉचमध्ये ०.००६६. तुमचा सेन्स म्हणजे या आकड्याला लागणारा गुणक, बस.

त्या ०.०२२ ची वंशावळ मोठी मजेशीर आहे. तो १९९६ च्या क्वेक या गेममधला. क्वेकच्या इंजिनावरून (इंजिन म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम बांधतात ते) हाफ-लाइफ या गेमचं इंजिन झालं, हाफ-लाइफ १९९८ मध्ये आला, त्यावर काउंटर-स्ट्राइक उभा राहिला, पुढे सोर्स इंजिन आलं आणि आकडा तसाच चालत आला. एपेक्स लेजंड्स वेगळ्या कंपनीचा, पण तोही सोर्स इंजिनच्याच सुधारलेल्या रूपावर बांधलेला. त्यामुळे काउंटर-स्ट्राइकचा सेन्स एपेक्समध्ये जसाच्या तसा चालतो. व्हॅलोरंट अनरियल इंजिनवर आहे, त्याचं घराणंच निराळं.

आता सूत्र:

गिरकीचं अंतर (सेमी) = ९१४.४ ÷ (डीपीआय × सेन्स × यॉ)

९१४.४ कुठून आला? ३६० अंश गुणिले २.५४, कारण डीपीआय इंचात आणि आपण सेंटिमीटरमध्ये. समजा माऊस ८०० वर आहे आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सेन्स १.२. मग ८०० × १.२ × ०.०२२ = २१.१२, आणि ९१४.४ भागिले २१.१२ म्हणजे ४३.३ सेमी. पुढची सगळी उदाहरणं मी याच ४३.३ वर देतो, तुम्ही तुमचा आकडा घाला.

पायरी १: विंडोज साफ करा

कंट्रोल पॅनेलमधल्या माऊसच्या जुन्या खिडकीत जा (विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माऊस, आणि तिथून ॲडिशनल माऊस सेटिंग्ज). 'पॉइंटर ऑप्शन्स' या टॅबमध्ये दोन गोष्टी करायच्या. 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' समोरची टिक काढा, आणि वेगाचा स्लायडर बरोबर मध्ये, म्हणजे ११ पैकी सहाव्या खुणेवर ठेवा.

नावात प्रिसिजन असलं तरी त्या टिकचं काम माऊस ॲक्सलरेशनचं आहे: हात जोरात फिरवला तर तेवढ्याच अंतरात कर्सर जास्त पळतो. ती चालू असताना आणि गेम विंडोजकडून हालचाल घेत असेल तर गिरकीचं अंतर असं काही उरतच नाही, ते वेगावर ठरतं. बरेचसे नवे शूटर माऊसची कच्ची हालचाल थेट घेतात, म्हणजे 'रॉ इनपुट', आणि विंडोजच्या या सेटिंगकडे बघतही नाहीत. पण जुन्या गेममध्ये रॉ इनपुट बंद असू शकतं आणि काही ब्राउझर गेम विंडोजचाच वेग उचलतात. दोन्हीकडे भांडण नको म्हणून टिक काढलेलीच बरी. गेममध्ये रॉ इनपुट आणि माऊस ॲक्सलरेशन असे पर्याय दिसले तर पहिला चालू, दुसरा बंद.

पायरी २: डीपीआय खात्रीने माहीत करून घ्या

माऊसच्या खोक्यावर लिहिलेला "१६००० पर्यंत" हा तुमचा डीपीआय नव्हे, ती त्याची कमाल. सध्या किती लावलाय ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं. स्वस्त माऊसला सॉफ्टवेअर नसतं, चाकामागे एक बटण असतं आणि ते दाबत गेलं की डीपीआय बदलत जातो. हे बटण फार त्रास देतं. गेम ऐन रंगात असताना चुकून दाबलं जातं आणि माणूस दोन दिवस "आज हातच चालत नाही" म्हणत फिरतो. सॉफ्टवेअर असेल तर त्या बटणाला दुसरं काम द्या, किंवा एकच पायरी ठेवून बाकीच्या काढून टाका.

सॉफ्टवेअर नसेल तर डीपीआय मोजता येतो, आणि त्यासाठी खिशात पाचशेची नोट असली तरी पुरे. सध्याची पाचशेची नोट १५ सेमी लांब आणि ६.६ सेमी रुंद असते. पहिली पायरी पार पाडल्यावर, डेस्कटॉपवर असताना, माऊसचा एक काउंट म्हणजे स्क्रीनवरचा एक पिक्सेल. साध्या फुल एचडी स्क्रीनवर डावीकडून उजवीकडे १९२० पिक्सेल असतात. म्हणजे ८०० डीपीआयला कर्सर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला माऊस २.४ इंच, म्हणजे ६.१ सेमी सरकतो. नोट पॅडवर उभी ठेवा, माऊसची डावी बाजू नोटेच्या डाव्या कडेला लावा, कर्सर स्क्रीनच्या डाव्या कडेला नेऊन माऊस सावकाश सरळ उजवीकडे सरकवा. नोटेची रुंदी संपायच्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर आधी कर्सर कडेला पोचला तर ८००. नोटेच्या रुंदीच्या निम्म्याच्याही आत पोचला तर १६००. सव्वाबारा सेमी लागले तर ४००.

किती डीपीआय ठेवावा यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं मत: ८०० ठेवा आणि विसरा. १६०० ही छान चालतो. महत्त्वाचं एवढंच की सगळ्या गेमना एकच डीपीआय. गेमप्रमाणे डीपीआय बदलत राहिलात तर कुठल्या दिवशी कुठला लावला होता हे आठवण्यातच वेळ जाईल.

पोलिंग रेटचा, म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा संगणकाला खबर देतो (ते १००० हर्ट्झ) त्याचा, सेन्सशी संबंध नाही. तो बदलल्याने गिरकीचं अंतर हलत नाही.

पायरी ३: स्वतःचा आकडा ठरवा

ज्या गेममध्ये तुमचा हात आधीच बसलाय त्या गेमची सेटिंग सूत्रात टाका, आलेला आकडा तुमचा. प्रश्न सुटला.

अगदीच नवीन असाल तर कुठून तरी सुरुवात करायला हवी. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटसारख्या, कोपऱ्यावर नेम धरून थांबण्याच्या गेममध्ये साधारण ३५ ते ६० सेमी हा नेहमीचा पट्टा. ओव्हरवॉच, एपेक्समध्ये माणसं डोक्यावरून उड्या मारतात, तिथे लोक २० ते ४० मध्ये जास्त आढळतात. दोन्ही प्रकार खेळणार असाल तर ४० च्या आसपास काहीतरी धरा.

पण त्याआधी टेबल बघा. होस्टेलच्या खोलीतल्या अर्ध्या टेबलावर पुस्तकं, उरलेल्यात कीबोर्ड आणि २५ सेमीचा पॅड असेल तर ५५ सेमीचा सेन्स वापरायला जागाच नाही. साधा नियम असा: पॅडच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माऊस न उचलता निदान अर्धी गिरकी झाली पाहिजे. २५ सेमीच्या पॅडमधून माऊसची स्वतःची सहा सेमी रुंदी वजा केली की १९ उरतात. म्हणजे पूर्ण गिरकी ३८ सेमीच्या आत हवी. त्यापेक्षा संथ हवा असेल तर आधी मोठा पॅड घ्या, सेन्स नंतर.

पायरी ४: रूपांतर

एका गेमचा सेन्स दुसऱ्यात न्यायचा असेल तर डीपीआय तोच असल्यामुळे तो गणितातून बाद होतो. जुना सेन्स गुणिले जुन्या गेमचा यॉ, भागिले नव्या गेमचा यॉ. एवढंच.

८०० डीपीआय आणि ४३.३ सेमी हवे असतील तर:

काउंटर-स्ट्राइक २: यॉ ०.०२२, सेन्स १.२
एपेक्स लेजंड्स: यॉ ०.०२२, सेन्स १.२
व्हॅलोरंट: यॉ ०.०७, सेन्स ०.३७७
ओव्हरवॉच २: यॉ ०.००६६, सेन्स ४
कॉल ऑफ ड्यूटी, २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरपासून पुढचे: यॉ ०.००६६, सेन्स ४
फोर्टनाइट: एका टक्क्याला ०.००५५५५, म्हणून ४.७ किंवा ४.८ टक्के

पाठ करायचंच असेल तर दोन गुणक पुरतात. काउंटर-स्ट्राइकवरून व्हॅलोरंटला जाताना ३.१८ ने भागा, ओव्हरवॉचला जाताना ३.३३ ने गुणा.

फोर्टनाइटमध्ये अचूक उत्तर ४.७५ येतं, पण तिथला स्लायडर दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत जातो. ४.७ ला गिरकी ४३.८ सेमीची होते, ४.८ ला ४२.९ ची. एक टक्क्याचा फरक. यासाठी झोप घालवू नका, माऊस किंवा पॅड बदलला की याहून मोठा फरक पडतो.

रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइट भरपूर आहेत आणि त्या ठीक काम करतात. कोवाक्ससारख्या नेम सुधारण्याच्या ट्रेनरमध्ये तर गिरकीचं अंतर थेट सेंटिमीटरमध्ये भरता येतं, एमलॅब्समध्ये आपला गेम निवडून त्याचाच सेन्स टाकता येतो. तरीही वर हाताने केलेलं गणित एकदा स्वतः करून बघा. वेबसाइटवर डीपीआयच्या चौकटीत चुकीचा आकडा राहिला तर उत्तर ठामपणे चुकीचं येतं, आणि ते ओळखायला अंदाज हवा.

पायरी ५: यॉ माहीत नसलेला गेम

नवा गेम आला, यादीत नाव नाही. काही अडत नाही, मोजता येतं.

सराव करायच्या नकाशात जा. एखाद्या खांबाच्या किंवा दाराच्या उभ्या कडेवर क्रॉसहेअर ठेवा. पॅडवर मोजपट्टी ठेवून माऊस सरळ उजवीकडे सरकवा. पॅड संपला की माऊस उचलून परत डावीकडे ठेवा, पुढे सरकवा, पुन्हा त्याच कडेवर येईपर्यंत. सरकवलेल्या अंतराची बेरीज म्हणजे गिरकी. उचलताना आणि ठेवताना थोडी गडबड होते, म्हणून दोन-तीनदा करून सरासरी घ्या. अर्ध्या सेंटिमीटरची चूक क्षम्य.

मग: नवा सेन्स = आत्ताचा सेन्स × मोजलेलं अंतर ÷ हवं असलेलं अंतर.

सेन्स ५ वर ३० सेमी मोजले आणि ४३.३ हवेत, तर ५ × ३० ÷ ४३.३ म्हणजे सुमारे ३.४६. भरा, पुन्हा मोजून खात्री करा. हीच मोजणी सूत्राने आलेल्या आकड्यांनाही लावून बघावी, निदान पहिल्या गेमला तरी. मोजलेलं आणि सूत्राचं जुळलं नाही तर बहुतेक वेळा दोष डीपीआयचा असतो.

एक अपवाद, आणि तो आपल्याकडे खूप खेळल्या जाणाऱ्या गेमचा: संगणकावरचा पब्जी. त्याचा स्लायडर सरळ चालत नाही. ५० वरून १०० वर गेलात तर वेग दुप्पट होत नाही, दसपट होतो. साधारण दर १५ खुणांना दुप्पट, असा त्याचा हिशेब. त्यामुळे वरचं त्रैराशिक तिथे चुकतं. तिथे आपलं मोजा, थोडं सरकवा, परत मोजा. उभ्या हालचालीचा वेगळा गुणकही त्यात आहे, तो १ वर ठेवा म्हणजे वर-खाली आणि आडवं एकाच वेगाने चालेल. मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्यांना यातलं काही लागू नाही, तिथे अंगठा आणि जायरोचा (फोन तिरका करून नेम धरण्याचा) मामला.

तरीही वेगळं का वाटतं

इथपर्यंत सगळं नीट केलं, मोजून खात्री केली, आणि फोर्टनाइट उघडल्यावर माऊस तरीही पळतोय असं वाटलं, तर तुमचं चुकलेलं नाही. गिरकीचं अंतर सारखं आहे. बदललंय ते दृश्य.

प्रत्येक गेम तुम्हाला समोरच्या जगाचा ठरावीक कोन दाखवतो, म्हणजे एफओव्ही. १६:९ च्या स्क्रीनवर काउंटर-स्ट्राइक २ आडवा १०६ अंश दाखवतो, व्हॅलोरंट १०३, ओव्हरवॉच जास्तीत जास्त १०३, फोर्टनाइट मात्र ८०. तेवढ्याच १९२० पिक्सेलमध्ये कमी जग कोंबलं की प्रत्येक अंशाच्या वाट्याला जास्त पिक्सेल येतात. स्क्रीनच्या मध्याजवळ एक अंश वळलात तर काउंटर-स्ट्राइकमध्ये चित्र सुमारे १२.६ पिक्सेल सरकतं, व्हॅलोरंटमध्ये १३.३, फोर्टनाइटमध्ये जवळपास २०. हात तेवढाच हलला, चित्र दीडपट पळालं.

यातून एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण नवीन लोक इथे महिनोन्‌महिने अडकतात. गिरकीचं अंतर आणि डोळ्यांना दिसणारा वेग हे दोन्ही एकाच वेळी सारखे ठेवता येत नाहीत, जोवर दोन गेमचा एफओव्ही वेगळा आहे. एक धरायचं, दुसरं सोडायचं. काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट आणि ओव्हरवॉच या तिघांत फरक इतका थोडा आहे की गिरकीचं अंतर धरलं की काम होतं. एपेक्स आणि कॉल ऑफ ड्यूटीमध्ये एफओव्हीचा स्लायडर असतो, तो इतरांच्या जवळ आणून ठेवा म्हणजे तिथेही कटकट मिटली. एपेक्सच्या स्लायडरवरचा आकडा मात्र ४:३ च्या, म्हणजे जुन्या चौकोनी स्क्रीनच्या, हिशेबाने लिहिलेला असतो, तिथलं ९० म्हणजे रुंद स्क्रीनवर १०६ च्या आसपास. म्हणून तिथे ११० दिसला की इतरांच्या ११० शी त्याची तुलना करू नका.

फोर्टनाइटसारख्या अरुंद दृश्याच्या गेममध्ये मी सुरुवातीला गिरकीचं अंतरच ठेवायला सांगेन. आठवडाभर खेळूनही नेम सारखा पुढे सरकत असेल तर दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करा आणि तो आकडा त्या गेमपुरता लिहून ठेवा.

काउंटर-स्ट्राइकमध्ये ४:३ चं चित्र रुंद स्क्रीनवर ताणून (स्ट्रेच करून) खेळणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो की स्ट्रेच केल्यावर सेन्स बदलायचा का. गिरकीचं अंतर बदलत नाही. चित्र आडवं ताणल्यामुळे आडवी हालचाल उभ्या हालचालीपेक्षा वेगवान दिसते एवढंच. रूपांतर तेच राहतं.

आणि सेन्स बरोबर असूनही माऊस 'जड' किंवा चिखलातून ओढल्यासारखा वाटत असेल तर सेन्सला हात लावू नका. व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी ग्राफिक्सची सेटिंग) बंद आहे का बघा, ग्राफिक्स कमी करून फ्रेम वाढवा. हात हलला आणि चित्र उशिरा हललं तर मेंदू त्याला संथ सेन्स समजतो, आणि माणूस सेन्स वाढवत बसतो.

पायरी ६: स्कोप

स्कोपमधून, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीतून, बघणं म्हणजे एफओव्ही एकदम लहान होणं. वरचीच अडचण, पण कैक पटींनी मोठी. त्यामुळे स्कोपमध्ये गिरकीचं अंतर तेच ठेवणं वेडेपणाचं: ते ठेवलं तर व्हॅलोरंटच्या ऑपरेटर या स्नायपर बंदुकीतून बघताना क्रॉसहेअर समोरच्याच्या डोक्यावर टिकणारच नाही. गेम म्हणून स्कोपमध्ये वेग आपोआप कमी करतात. प्रश्न इतकाच की किती.

बहुतेकांना सोयीचं पडतं ते असं: स्क्रीनच्या मध्याजवळ, स्कोप लावल्यावर आणि न लावता, हाताची तेवढीच हालचाल चित्राला तेवढेच पिक्सेल हलवते. छोट्या फ्लिकची (नेमावर झटक्यात जाण्याची) सवय मग दोन्हीकडे एकच राहते.

काउंटर-स्ट्राइक २ च्या एडब्ल्यूपी या स्नायपर बंदुकीचं उदाहरण उलगडून बघण्यासारखं आहे, कारण तिथे लोक ०.८१८९३३ असा लांबलचक आकडा एकमेकांना देत असतात आणि तो कुठून आला ते कोणी सांगत नाही. जुन्या ४:३ हिशेबाने गेमचा साधा कोन ९० अंश, एडब्ल्यूपीचा पहिला झूम ४० अंश. गेम झूमचा सेन्स सरळ ४० भागिले ९० या प्रमाणात, म्हणजे ०.४४४ पट करतो. मध्याजवळ चित्र सारखं हलायला मात्र प्रमाण कोनांचं नको, निम्म्या कोनांच्या टॅनचं हवं. टॅन २० भागिले टॅन ४५, म्हणजे ०.३६४. आता ०.३६४ ला ०.४४४ ने भागा: ०.८१९. दहावीची त्रिकोणमिती इथे कामी आली. एडब्ल्यूपीचा दुसरा झूम १० अंशांचा, त्याला हेच गणित केलं तर ०.७८७ येतं. सेटिंग मात्र दोन्ही झूमना एकच आहे, त्यामुळे दोन्हीकडे तंतोतंत जुळवता येत नाही. ०.८२ भरा आणि पुढे चला.

ओव्हरवॉचमध्ये विडोमेकर आणि ॲना या स्कोप वापरणाऱ्या पात्रांसाठी १०३ एफओव्हीवर हाच मेळ साधारण ३८ टक्क्यांना बसतो. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये एडीएसचा (नेम धरून बघतानाच्या सेन्सचा) प्रकार 'रिलेटिव्ह' निवडा, खाली 'मॉनिटर डिस्टन्स कोएफिशियंट' दिसेल, तो मुळात १.३३ असतो. शून्य केलात की मध्याचा मेळ. १.३३ वर मेळ मध्यापासून दूर, स्क्रीनच्या मध्य आणि कडेमधल्या तीन-चतुर्थांश अंतरावर जुळतो, त्यामुळे मध्याजवळ स्कोप थोडा चपळ वाटतो. कोणता चांगला यावर एकमत नाही. मला शून्य आवडतो. बॅटलफील्डमध्ये हीच गोष्ट १३३ या आकड्याने दिसते.

बाकी गेममध्ये, म्हणजे व्हॅलोरंट, एपेक्स, रेनबो सिक्स सीज, सुरुवातीला स्कोपचे गुणक आहेत तसे राहू द्या. सीजमध्ये आणि एपेक्समध्ये प्रत्येक झूमला वेगळा सेन्स देता येतो. नवीन माणसाने तिथे शिरू नये. आधी हिपफायर, म्हणजे स्कोप न लावता मारणं, पक्का होऊ द्या.

कॅफेत खेळणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत आणि आता लहान शहरांतही अनेकांची सुरुवात गेमिंग कॅफेतच होते, घरी लॅपटॉप असला तरी. दर वेळी वेगळी सीट, वेगळा माऊस. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: व्हॅलोरंटची सेटिंग तुमच्या अकाउंटसोबत येते, काउंटर-स्ट्राइकची स्टीमच्या क्लाउडमधून. म्हणजे सेन्स बरोबरच असतो. बदलतो तो डीपीआय. म्हणून कॅफेत वाटलं की हात पळतोय, तर गेमच्या सेटिंगला हात लावू नका. तिथे बदललेला सेन्स घरी परत येईल आणि घरचा हात बिघडेल.

त्याऐवजी गेम उघडण्याआधी नोटेची चाचणी घ्या आणि माऊसवरच्या बटणाने ८०० वर आणा. काही कॅफेंमध्ये कंट्रोल पॅनेल बंद केलेलं असतं आणि 'एनहान्स पॉइंटर प्रिसिजन' चालू राहिलेलं, तेव्हा डेस्कटॉपवरची चाचणी फसवते. मग गेमच्या रेंजमध्ये (सरावाच्या मैदानात) जाऊन अर्धी गिरकी मोजा. ४३.३ ची निम्मी म्हणजे २१.६५ सेमी, आणि पाचशेच्या नोटेची लांबी अधिक रुंदी बरोबर २१.६ होते. एवढ्यात तोंड नेमकं मागे वळलं तर डीपीआय ८००. माऊस ४०० च्या पुढे जातच नसेल, किंवा १६०० च्या खाली येत नसेल, तर नाइलाज म्हणून तेवढ्यापुरता सेन्स दुप्पट किंवा निम्मा करा आणि उठताना परत मूळ आकडा भरा.

स्वतःचा माऊस पिशवीत घालून नेणं हा यावरचा सर्वांत सोपा उपाय. काउंटरवर आधी विचारा, प्लग लावू देतात की नाही ते कॅफेगणिक वेगळं.

माऊस बदलला तर

नवा माऊस घेतला, त्यावरही ८००, सेन्स तोच, तरी हात चुकतो. यामागे दोन कारणं असतात. एक, ८०० लिहिलेले दोन माऊस तंतोतंत ८०० नसतात, काही टक्के इकडेतिकडे असतात. ते मोजून पकडता येतं: जुन्या आणि नव्या माऊसने तीच गिरकी मोजा आणि पाचव्या पायरीचं त्रैराशिक लावा. दुसरं कारण मोजपट्टीत दिसत नाही. माऊसच्या पोटातला सेन्सर पुढे आहे की मागे यावर बरंच अवलंबून असतं. मनगट टेकवून माऊस फिरवणाऱ्यांच्या हातात पुढे असलेला सेन्सर मोठी कमान काढतो, म्हणून तोच सेन्स चपळ वाटतो. मागे असेल तर संथ. पूर्ण हाताने माऊस सरकवणाऱ्यांना हा फरक फारसा जाणवत नाही. यासाठी सूत्र नाही, चार-पाच टक्क्यांनी खाली-वर करून बघावं लागतं, आणि ते बघतानाही एकदा बदललं की निदान आठवडाभर तसंच ठेवावं लागतं.

डीपीआय ८०० वरून १६०० करायचा मोह कधीतरी होईल. खुशाल करा, पण त्याच बैठकीत सगळ्या गेमचे सेन्स निम्मे करून टाका: काउंटर-स्ट्राइक आणि एपेक्स ०.६, व्हॅलोरंट ०.१८९, ओव्हरवॉच आणि कॉल ऑफ ड्यूटी २. स्कोपचे गुणक हलवायचे नाहीत, ते मूळ सेन्सवर बसलेले असतात. डेस्कटॉपवर कर्सर उड्या मारायला लागला तर विंडोजचा स्लायडर खाली आणा. रॉ इनपुट असलेल्या गेमना ते कळणारही नाही.